एम.एस.ला कर्ज, पीएच.डी.ला पगार

संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीच्या घरात अमेरिकेचा विषय निघतो, तेव्हा वडील कागद-पेन घेऊन बसतात. बायोस्टॅटिस्टिक्समधली दोन वर्षांची एम.एस.: फी, घरभाडं, खाणंपिणं, विमा, तिकीट. बेरीज पन्नास लाखांच्या पुढे सरकते आणि बोलणं शैक्षणिक कर्जावर, तारणावर, जामीन कोण राहणार यावर येतं. तेवढ्यात मुलगी सांगते, की त्याच विद्यापीठात, त्याच विभागात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर फी भरावी लागत नाही, आरोग्यविमा विद्यापीठ काढतं आणि वर दरमहा राहण्या-खाण्यापुरते पैसे हातात येतात. वडील पेन खाली ठेवतात. दोन वर्षांच्या पदवीला पन्नास लाख मोजायचे आणि पाच वर्षांच्या, तिच्याहून मोठ्या पदवीला उलट पैसे मिळायचे, हे त्यांना पटत नाही. यात काहीतरी मेख असणार, असं त्यांना वाटतं.

मेख नाही, हिशेब आहे. तो हिशेब कळला की कुठे अर्ज करायचा, कधी करायचा, समोरच्याला काय विचारायचं, या सगळ्याची उत्तरं आपोआप सापडू लागतात. म्हणून आधी पैसा कुठून येतो ते पाहायला हवं, विद्यापीठांची यादी नंतर.

क्लास आणि कारखाना

आयटीआय झालेला मुलगा कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून लागतो. तो शिकत असतो, तरी कारखाना त्याच्याकडून फी घेत नाही, उलट विद्यावेतन देतो. कारण सरळ आहे: शिकता शिकता तो लेथवर उभा राहून माल काढत असतो. हाच मुलगा संध्याकाळी इंग्रजीच्या क्लासला जातो, तेव्हा मात्र फी भरतो. तिथे तो फक्त घेतो, देत काही नाही.

एम.एस. म्हणजे क्लास. विद्यार्थी विषय शिकतो, परीक्षा देतो, पदवी घेऊन नोकरीला लागतो. विद्यापीठासाठी त्याची फी हे उत्पन्न असतं. पीएच.डी. म्हणजे कारखान्यातली उमेदवारी. पहिली दोन वर्षं शिकण्यात जास्त जातात हे खरं, पण तेव्हापासूनच विद्यार्थी कुणाच्या तरी संशोधनाचं काम करत असतो किंवा खालच्या वर्गांना शिकवत असतो. त्याला मिळणारी रक्कम बक्षीस म्हणून मिळत नाही, तो कामाचा मोबदला असतो. आपल्याकडे ‘स्कॉलरशिप मिळाली’ असं म्हणतात त्यामुळे घोळ होतो. खूप हुशार असेल त्यालाच फंडिंग मिळतं, असा समज करून कित्येक चांगली मुलं अर्जच करत नाहीत. अमेरिकेतल्या बहुतेक नावाजलेल्या बायोस्टॅटिस्टिक्स विभागांत पीएच.डी.चा प्रवेश आणि फंडिंग या दोन वेगळ्या गोष्टी नसतातच. ज्याला घेतलं त्याला पोसायचं, असा तिथला शिरस्ता आहे.

आता पुढचा प्रश्न: आकडेमोड करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामाला एवढी मागणी का?

शितावरून भात, पण कोणतं शीत?

बायोस्टॅटिस्टिक्सला मराठीत जीवसंख्याशास्त्र म्हणतात. आजार, औषधं, जन्म-मृत्यू, जनुकं यांच्याबद्दल गोळा केलेल्या माहितीवरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, हे ठरवण्याचं शास्त्र. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण भात नीट ढवळलेला असेल तरच. वरचं शीत शिजलेलं आणि खालचं कच्चं असू शकतं. औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं, म्हणजे भात ढवळून घेणं. १९४७ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी अशा रीतीने सुरू झाली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने तिची आखणी केली होती. आज बहुतेक नव्या औषधांना बाजारात येण्याआधी या वाटेने जावं लागतं.

महाराष्ट्रातलं उदाहरण याहून बोलकं आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक मोठी चाचणी सुरू झाली. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. पैसे गेट्स प्रतिष्ठानाचे होते. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिला तिच्यात होत्या. कोणती तपासणी मृत्यू टाळते हा प्रश्न होता: एचपीव्ही विषाणूची चाचणी, पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, की आम्ल लावून साध्या डोळ्यांनी केलेली पाहणी? चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा मिळणार होती.

इथे चिठ्ठ्या एकेका बाईच्या नावाने टाकल्या नाहीत. एका घरातल्या सासूला एक तपासणी आणि सुनेला दुसरी, हे गावात चालणारं नव्हतं. म्हणून गावांचे ५२ समूह केले आणि प्रत्येक पद्धतीच्या वाट्याला १३ समूह आले. हे सोयीचं झालं, पण संख्याशास्त्राचा पेच इथेच सुरू होतो.

एका चाळीतल्या पन्नास बिऱ्हाडांना ‘सकाळी पाणी येतं का?’ असं विचारलं, तर पन्नास उत्तरं मिळत नाहीत. एकच उत्तर पन्नास वेळा मिळतं, कारण टाकी एकच आहे. गावाचंही थोडंफार तसंच असतं. एका गावातल्या बायकांचं आरोग्य केंद्र एक, लग्नाचं वय साधारण सारखं, दवाखान्यात जाण्या-न जाण्याच्या सवयी सारख्या. चाळीतल्या पाण्याइतकं साम्य नसलं तरी थोडं असतंच. ते ० ते १ या पट्टीवर मोजतात. समजा साम्य अवघं ०.०२ आहे आणि दर गावातून ५० बायका घेतल्या. तर एक हा आकडा धरायचा आणि त्यात ४९ गुणिले ०.०२ मिळवायचे. उत्तर येतं १.९८. अर्थ असा, की सुट्या सुट्या निवडलेल्या हजार बायकांकडून जेवढी माहिती मिळाली असती, तेवढीच मिळवायला या पद्धतीत जवळपास दोन हजार बायका लागतील. हा गुणाकार विसरणाऱ्याची चाचणी काही वर्षं चालून, कोट्यवधी रुपये खाऊन, शेवटी ‘निश्चित काही सांगता येत नाही’ या वाक्यावर संपते. चाचणीत सहभागी झालेल्या हजारो माणसांचा वेळ आणि विश्वास वाया जातो, आणि ते नुकसान पैशांहून मोठं आहे.

उस्मानाबादेत तसं झालं नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या सेवेच्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेली ती चाचणी मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणत होती. चौथ्या गटातल्या महिलांना तपासणीविना ठेवण्यावरून पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. चाचणीची आखणी हे नुसतं गणित नसतं, त्यात नीतीचा प्रश्नही गुंतलेला असतो, हे त्या वादाने पुन्हा समोर आणलं.

अशी प्रत्येक चाचणी आखताना ‘किती माणसं लागतील’ इथपासून ‘आकडे अर्धेच आले तर काय’ इथपर्यंतच्या प्रश्नांना जबाबदार माणूस लागतो. औषधनियामकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९९८ साली जी मार्गदर्शक तत्त्वं ठरवली, त्यांत चाचणीच्या संख्याशास्त्रीय कामाची जबाबदारी पात्र आणि अनुभवी संख्याशास्त्रज्ञाकडेच असावी, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. हृदयरोगतज्ज्ञाला संशोधनासाठी पैसे हवे असोत की मेंदूच्या डॉक्टरला, अर्जात संख्याशास्त्राचा भाग कच्चा असेल तर तपासणारे तो अर्ज बाजूला ठेवतात. मागणी तिथून येते.

पाण्याचे चार नळ

अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधनाचं मोठं धरण म्हणजे ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’, सगळे म्हणतात एनआयएच. या सरकारी संस्थेचं वर्षाचं अंदाजपत्रक ४५ अब्ज डॉलरच्या वर असतं आणि त्यातला बहुतेक पैसा देशभरातल्या विद्यापीठांना संशोधन अनुदान म्हणून जातो. त्या धरणातून निघालेलं पाणी विद्यार्थ्यापर्यंत कसं पोचतं?

पहिला आणि मोठा नळ रिसर्च असिस्टंटशिपचा. कॅम्पसवर त्याला ‘आरए’ म्हणतात. एखाद्या प्राध्यापकाला पाच वर्षांचं अनुदान मिळतं. त्याच्या खर्चाच्या तक्त्यात उपकरणं, परिचारिका, प्रवास यांच्या ओळी असतात तशी एक ओळ ‘पदवीधर सहायक’ अशी असते. त्या ओळीतच विद्यार्थ्याचं विद्यावेतन, त्याची फी आणि त्याचा विमा धरलेला असतो. म्हणजे ‘फी माफ’ हा शब्द तसा बरोबर नाही. फी भरली जाते, पण ती अनुदानातून. बदल्यात विद्यार्थी आठवड्याला साधारण वीस तास त्या प्रकल्पाचं काम करतो. वीसच का? विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि त्याचा अभ्यासही व्हायला हवा.

दुसरा नळ शिकवण्याचा, म्हणजे ‘टीए’. सार्वजनिक आरोग्य, नर्सिंग, दंतवैद्यक अशा शाखांच्या शेकडो विद्यार्थ्यांना प्राथमिक संख्याशास्त्र शिकावं लागतं. त्यांचे तास घेणं, पेपर तपासणं, अडचणी सोडवणं हे काम पीएच.डी.चे विद्यार्थी करतात.

तिसरा नळ ट्रेनिंग ग्रँटचा. एनआयएच काही विभागांना थेट विद्यार्थी घडवण्यासाठीच पैसे देते, पण हा पैसा फक्त अमेरिकेच्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना मिळतो. विद्यापीठांच्या संकेतस्थळावर हे अनुदान ठळक दिसतं, भारतातली मुलं त्यावर आशा ठेवतात आणि पात्रतेच्या ओळीपाशी अडतात. तरी त्याचा त्यांना अप्रत्यक्ष फायदा असतो. काही स्थानिक विद्यार्थी या नळावर गेले की विभागाचे आरए आणि टीए परदेशी विद्यार्थ्यांसाठी मोकळे होतात. चौथा नळ विद्यापीठाच्या स्वतःच्या फेलोशिपचा. तो बहुधा पहिल्या वर्षापुरता असतो आणि तेव्हा काम जवळपास नसतं, नुसता अभ्यास.

बायोस्टॅटिस्टिक्सचं वेगळेपण पहिल्या नळात आहे. गणिताचा विभाग मुख्यतः शिकवण्यावर चालतो. बायोस्टॅटिस्टिक्सचा विभाग बहुधा वैद्यकीय किंवा सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयात असतो, म्हणून शेजारच्या इमारतीतल्या कर्करोग केंद्राचे, हृदयरोग विभागाचे, जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सगळे प्रकल्प त्याचं दार ठोठावतात. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हा विभाग १९१८ पासून आहे. सिअॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ, हार्वर्ड, अॅन आर्बरचं मिशिगन, चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना, मिनेसोटा, विस्कॉन्सिन ही नावं या क्षेत्रात नेहमी ऐकू येतात. विद्यावेतन बहुतेक ठिकाणी वर्षाला तीस ते चाळीस हजार डॉलरच्या आसपास असतं, महागड्या शहरांत जास्त. त्यात चैन होत नाही, पण एकट्या माणसाचं भागतं. त्यावर आयकर लागतो, हे मात्र आधीच धरून चालावं.

धरणातलं पाणी आटलं तर नळ कोरडे पडतात, हेही सांगायला हवं. २०२५ साली अमेरिकन सरकारने एनआयएचची बरीच अनुदानं रद्द केली किंवा अडवून धरली. त्यानंतर काही विद्यापीठांनी जैववैद्यकीय शाखांमधल्या पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. एका वैद्यकीय विद्यापीठाने तर दिलेले प्रवेश मागे घेतले. म्हणून यापुढे ‘रँकिंग काय?’ याआधी ‘तुमचं फंडिंग कशातून येतं आणि ते किती वर्षांचं आहे?’ हे विचारणं शहाणपणाचं.

हाडं आणि उंदीर

काम करता करता पीएच.डी. ही रीत नवी नाही. १९४६ साली कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधून पंचविशीतले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव केंब्रिजला गेले, ते विद्यार्थी म्हणून नव्हे, कामासाठी. सुदानमधल्या जेबेल मोया इथे उत्खननात सापडलेले प्राचीन मानवी सांगाडे केंब्रिजच्या संग्रहालयात होते. त्यांची मापं घेऊन, इन्स्टिट्यूटचे संस्थापक महालनोबिस यांची पद्धत वापरून, ही माणसं कोणत्या समूहांच्या जवळची होती हे ठरवायचं होतं. या कामाचा मोबदला मिळत असतानाच त्यांनी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. फिशर यांनी आणखी एक काम गळ्यात घातलं: त्यांच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचं. दिवस हाडं मोजण्यात आणि उंदरांच्या पिढ्यांच्या नोंदी ठेवण्यात जात. १९४८ मध्ये पदवी मिळाली, आणि प्रबंधाचा विषय होता जैविक वर्गीकरणातले संख्याशास्त्रीय प्रश्न. पोटासाठी केलेल्या कामातूनच प्रबंध उभा राहिला होता. २०२३ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, राव यांना संख्याशास्त्राचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

या वाटेवर मराठी पावलंही जुनीच आहेत. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून पीएच.डी. केली, पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. भूक आणि कुपोषण मोजायचं कसं हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. कोल्हापूरचे वसंत हुजूरबाजार केंब्रिजहून परतले आणि त्यांनी पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. त्या विभागातून निघालेली मुलं आज जगभरच्या रुग्णालयांत आणि औषध कंपन्यांत आकडे तपासत आहेत.

युरोपात नोकरीची जाहिरात

समुद्र ओलांडला की व्यवस्था बदलते. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क इथे पीएच.डी.चा विद्यार्थी बहुतेक वेळा विद्यापीठाचा कर्मचारीच असतो. त्याला पगार मिळतो, रजा मिळते, कर कापला जातो. म्हणून तिथे ‘प्रवेश’ शोधत बसलं तर काही सापडत नाही. जागा नोकरीच्या पानावर जाहीर होते: अमुक प्रकल्प, चार वर्षं, अमुक कौशल्य हवं, अमुक तारखेपर्यंत अर्ज. लायडनचं वैद्यकीय केंद्र, स्टॉकहोमचं कॅरोलिन्स्का, बेल्जियममधल्या हासेल्ट आणि लूव्हन इथले गट अशा जागा काढत असतात. वर्षातून एकच हंगाम नसतो, त्यामुळे दर आठवड्याला डोळा ठेवावा लागतो. मास्टर्स पदवी इथे आधी लागते. अमेरिकेत ती सक्तीची नसते, पण तीन वर्षांची बी.एस्सी. काही विद्यापीठांना अपुरी वाटते, म्हणून आपल्या मुलांनी एम.एस्सी. करून जाणं दोन्हीकडे उपयोगी पडतं.

युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांना पगार चांगला असतो आणि अट मजेशीर: गेल्या ३६ महिन्यांत उमेदवाराने त्या देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. भारतात बसून अर्ज करणाऱ्याला ही अट काहीच त्रास देत नाही. याउलट कर्ज काढून जर्मनीत दोन वर्षांची मास्टर्स नुकतीच पूर्ण केलेला मुलगा जर्मनीतल्याच जागेला अपात्र ठरतो.

ब्रिटनमध्ये पीएच.डी. साधारण साडेतीन-चार वर्षांची असते. केंब्रिजचं ‘एमआरसी बायोस्टॅटिस्टिक्स युनिट’ आणि लंडनचं ‘स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन’ ही तिथली मोठी ठिकाणं. सरकारी संशोधन मंडळांच्या जागा २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या झाल्या, पण एकूण जागांच्या ३० टक्क्यांपर्यंतच. २०२५-२६ साठी किमान विद्यावेतन २०,७८० पौंड ठरलं आणि त्यावर आयकर नाही. गोम वेगळी आहे. मंडळ फक्त स्थानिक विद्यार्थ्याएवढी फी भरतं. परदेशी विद्यार्थ्याची फी त्याच्या कितीतरी पट असू शकते, आणि मधला फरक कोण भरणार, हे आधी स्पष्ट करून घ्यावं लागतं. ‘फुली फंडेड’ हे दोन शब्द वाचून हुरळून जाण्याआधी ही एक ओळ तपासावी.

घराजवळची दारं

परदेश हीच एक वाट नाही. सीएसआयआर-यूजीसीच्या नेट परीक्षेत गणितीय विज्ञान या विषयातून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळवणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि कामाचं मूल्यमापन झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. ही फेलोशिप विद्यार्थ्याच्या नावावर असते, ती घेऊन तो आपला गाईड निवडू शकतो. अमेरिकेत पैसा प्रकल्पाचा असतो, आपल्याकडे तो विद्यार्थ्याचा, आणि हा फरक मोठा आहे. स्वतःचे पैसे घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला गाईड सहसा नाही म्हणत नाही.

मुंबईत देवनारला असलेली, १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था, म्हणजे आयआयपीएस, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. चाळीतल्या पाण्याचं जे गणित वर आलं, तेच या सर्वेक्षणात देशभर वापरलं जातं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, बंगळूरची निमहान्स, दिल्लीचं एम्स, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट इथेही या विषयात काम होतं. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली जे. एन. टाटा एंडोमेंट ही मदत मात्र कर्ज-शिष्यवृत्ती आहे, ती परत करायची असते.

फेलोशिपचे हप्ते महिनोन्‌महिने अडकतात, ही भारतातल्या संशोधक विद्यार्थ्यांची जुनी आणि रास्त तक्रार. गावाकडून आलेल्या, घरी पैसे पाठवायची जबाबदारी असलेल्या मुलाला सहा महिने थांबा सांगणं म्हणजे त्याला संशोधन सोडायला सांगणंच आहे. रक्कम वाढवण्याइतकंच ती वेळेवर देणं गरजेचं आहे.

अर्जात काय दिसायला हवं

अमेरिकेच्या प्रवेशाचं चक्र ठरलेलं असतं. डिसेंबरच्या सुरुवातीला बहुतेक अर्ज बंद होतात, जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती, मार्चपर्यंत उत्तरं. बरीच विद्यापीठं १५ एप्रिलचा संकेत पाळतात: त्या तारखेआधी होकार द्यायला विद्यार्थ्याला भाग पाडत नाहीत. तेव्हा एखाद्याने ‘उद्याच कळवा’ म्हटलं तरी घाबरू नये. जीआरई आता पुष्कळ ठिकाणी सक्तीची नाही.

जीवशास्त्र येत नाही म्हणून मागे हटू नये. ते पुढे शिकता येतं. रेषीय बीजगणित, वास्तव विश्लेषण आणि संभाव्यता मात्र पक्की हवीत. या बाबतीत आपल्याकडची एम.एस्सी. झालेली मुलं कुठेही कमी पडत नाहीत, सिद्धता ती फळ्यावर सहज मांडतात. कमी पडतात ती खऱ्या, मळलेल्या आकड्यांपुढे, कारण कॉलेजात त्यांना तसे आकडे कुणी हाताळायला दिलेलेच नसतात. जवळच्या रुग्णालयातल्या एखाद्या डॉक्टरच्या प्रबंधाची आकडेमोड परवानगी घेऊन करून दिली, ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती मांडली, आणि कुठे अडलं ते अर्जात लिहिलं, तर लहानपणापासून आकड्यांची आवड असल्याच्या परिच्छेदापेक्षा ते शंभरपट बोलतं. आणि ‘फंडेड पीएच.डी. मिळवून देतो’ म्हणून लाखात पैसे मागणाऱ्या एजंटापासून लांब राहावं. अर्ज थेट विद्यापीठाकडे जातो, त्यात मध्यस्थ लागत नाही.

चौकट: ऑफर हातात आली की हे विचारा

विद्यावेतन नऊ महिन्यांचं की बारा? नऊचं असेल तर उन्हाळ्यात काम मिळतं का?

हमी किती वर्षांची? पदवी घ्यायला सरासरी किती वर्षं लागतात?

ट्यूशन फीशिवाय इतर शुल्क कोण भरतं? विम्यात डोळे आणि दात येतात का?

प्राध्यापकाचं अनुदान मधेच संपलं तर विभाग काय करतो?

पात्रता परीक्षेत नापास झाल्यास मास्टर्स पदवी घेऊन बाहेर पडता येतं का?

परदेशी विद्यार्थ्याच्या जादा फीचा फरक कुणाकडे? (ब्रिटनसाठी)

हे प्रश्न विचारले म्हणून कुणी ऑफर काढून घेत नाही. विभागात सध्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले तर उत्तरं अधिक मोकळी मिळतात.

पहिला महिना

मोबदल्याचं हे काम प्रत्यक्षात कसं असतं? समजा, आपली एम.एस्सी. झालेली मुलगी पोचली, आणि तिला आरए म्हणून हृदयविकाराच्या एका प्रकल्पावर टाकलं. पहिल्या दिवशी हातात येते एक एक्सेल फाइल: दोन हजार रुग्ण, दीडशे रकाने. एकाचं वय २१४. रक्तदाबाच्या रकान्यात अधूनमधून ९९९, म्हणजे मोजलाच नव्हता. तारखांत ०३/०४ आहे, पण तो मार्च की एप्रिल? तिच्या हाताला भारतातली सवय आहे, दिवस आधी लिहायची. तिथे महिना आधी. पहिला आठवडा यातच जातो.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात येतं की दीडशे-एक रुग्णांच्या वजनाचा रकाना कोरा आहे. सोपा उपाय असतो: ते रुग्ण गाळायचे आणि उरलेल्यांवर हिशेब करायचा. ती गाळून पाहते. औषधाचा परिणाम एकदम छान दिसू लागतो, इतका छान की तिला शंका येते. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडलेला विचार तिने वर्गात वाचलेला असतो: माहिती किती गहाळ आहे त्याहीपेक्षा ती कशामुळे गहाळ आहे, हे आधी पाहायचं. ती कोऱ्या रकान्यांचे रुग्ण वेगळे काढते. त्यांच्यातले कितीतरी जण महिनाभरातच दगावलेले असतात.

ती रुग्णालयात फोन लावते. पलीकडची परिचारिका क्षणभर थांबते आणि सांगते, की ज्या रुग्णांना काट्यावर उभं करता येत नव्हतं, त्यांचं वजन घ्यायचं तरी कसं?